पाया पावसाळ्यात, शर्यत हिवाळ्यात



हिवाळी सराव या विषयावर आपण दोन दिवस बोलणार आहोत. माझं म्हणणं आरंभीच सांगतो. महाराष्ट्रातल्या स्पर्धक सायकलपटूचा हिवाळा हा पाया घालण्याचा काळ नाही, तो शर्यतींचा काळ आहे. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या वहीत डिसेंबरच्या पानावर ‘बेस, लांब अंतर, कमी वेग’ असंच लिहिलेलं असतं. हे पान युरोपातून आलं आहे.

तिथं ते बरोबरच आहे. बेल्जियममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. तिथला रस्त्यावरचा हंगाम फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि टूर द फ्रान्स येते जुलैत. म्हणून संघ थंडीत स्पेनमधल्या काल्पेसारख्या उबदार गावी जाऊन तासन्‌तास बेताच्या वेगानं सायकल चालवतात. काही जण मात्र चिखलातल्या सायक्लोक्रॉसमध्ये उतरतात. ही शर्यत तासाभराची, पण दम काढणारी. माथ्यू व्हान डर पूल २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं थंडीत सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाला आणि त्याच तिन्ही वर्षी एप्रिलमध्ये त्यानं पॅरिस-रुबे ही रस्त्यावरची शर्यत जिंकली. म्हणजे युरोपातसुद्धा हिवाळ्याचा एकच साचा नाही.

प्रशिक्षक जो फ्रील यांचं ‘द सायक्लिस्ट्स ट्रेनिंग बायबल’ १९९६ साली आलं आणि जगभरच्या प्रशिक्षकांच्या हाती गेलं. त्यातली सगळी आखणी महत्त्वाच्या शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत केलेली आहे. आपण ती मोजणी सोडली आणि महिने तेवढे उचलले.

आता आपल्याकडे पाहू. खेलो इंडिया युवा स्पर्धा २०२० साली गुवाहाटीत झाल्या, त्या जानेवारीत. पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत पुण्याच्या रस्त्यांवर आली, तीही जानेवारी २०२६ मध्ये. समजा, आपल्या मुलाची मुख्य शर्यत १९ जानेवारीला आहे. शेवटचे दोन आठवडे भार कमी करून पाय ताजे ठेवण्याचे. त्याआधीचे आठ आठवडे तीव्र सरावाचे, म्हणजे आपण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलो. पायासाठी चौदा आठवडे धरले तर सुरुवात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात करावी लागते. ऐन श्रावणात.

पायाला इतका वेळ का लागतो? स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होणं, पेशींची ऊर्जा तयार करण्याची ताकद वाढणं, शरीरानं चरबी जाळायला शिकणं, या गोष्टी संथपणे घडतात. जोरदार इंटरव्हलचा फायदा काही आठवड्यांत दिसतो. पण खाली पाया नसेल तर तो शर्यतीच्या तिसऱ्या तासाला संपलेला असतो. पेरणी चुकलेल्या शेतात डिसेंबरात खत टाकून काय उपयोग?

अडचण अर्थात पावसाची. मावळात किंवा कोकणात ऑगस्टमध्ये चार तास रस्त्यावर राहणं धोक्याचं आहे, हे मला मान्य आहे. तिथं घरात जागच्या जागी सायकल चालवण्यासाठी रोलर आणि ट्रेनर हवेत, आणि व्यायामशाळा हवी. वजन घेऊन बैठका मारल्या तर पाय जड होतात, हा समज आता सोडू या. नॉर्वेतले संशोधक बेंट रॉनेस्टाड यांनी सायकलपटूंवर केलेल्या अभ्यासांतून जड वजनांचा फायदा वारंवार दिसला आहे. शिवाय सायकलवर हाडांवर भार पडत नाही. त्यासाठी उड्या, धावणं, वजनं लागतातच. सोलापूर, लातूरकडच्या मुलांना मात्र पावसातही रस्ता बराच मोकळा मिळतो. मोठ्या शहरांपासून दूर असल्याची खंत ती मुलं नेहमी करतात, पण पायाच्या बाबतीत ती पुणेकरांच्या पुढे राहू शकतात.

आता प्रत्यक्ष हिवाळ्याबद्दल, आणि इथं मला थोडं थांबायचं आहे. पहाटे पाचला गट घेऊन निघण्याची आपली परंपरा आहे. तिच्यामागची शिस्त मला प्रिय आहे, तरीही ती थंडीत बदलावी असं मी आग्रहानं सांगतो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, वाहनांचा धूर खालीच कोंडून राहतो. ऊन तापल्यावर तो वर जातो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. घाट जोरात चढणारा मुलगा शंभर लिटरच्याही वर जातो. ज्या घटकेला हवा सर्वांत वाईट, त्याच घटकेला आपण त्याला सर्वांत खोल श्वास घ्यायला लावतो.

दुसरं कारण सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या मंडळींना सांगायला नको. नोव्हेंबरात गळीत हंगाम लागतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही आणि ऊस हातभर बाहेर आलेला. अंधारात चाकाला चाक लावून जाणाऱ्या गटाला ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला वेळ उरलेला नसतो. उजाडण्याआधी गट रस्त्यावर नेऊ नका. रोजचा सराव उजाडल्यावर आणि हलका ठेवा. आठवड्यात जोरदार सत्रं दोनच पुरतात. ती शनिवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी नऊनंतर घ्या. ट्रॉल्यांना पट्ट्या लावण्यासाठी आपण कारखान्यांच्या दारात जायला हवं, आणि त्यात सर्वांत पुढे राहायला मी तयार आहे.

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. तिथं गुडघे झाका, आणि घाट उतरताना जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला. जुन्या सायकलपटूंची ही युक्ती आजही तितकीच चालते.

राहिली दहावी-बारावी. जानेवारी आला की सायकल माळ्यावर जाते, आणि मुलींची बहुधा परत खाली येतच नाही. पालकहो, सरावाचे तास निम्म्याहून कमी केले आणि तीव्रता तेवढी राखली, तर कमावलेली ताकद कित्येक आठवडे टिकते. अभ्यासाच्या दिवसांत आठवड्याला पाऊण तासाची दोन-तीन सत्रं मी मागतो आहे, त्याहून जास्त काही नाही.

हे सगळं तारखेवर अवलंबून आहे. शर्यत दोन आठवड्यांवर आल्यावर जाहीर झाली, तर प्रशिक्षकानं मागे मोजायचं कुठून? राज्यातल्या सर्व शर्यतींचं वेळापत्रक १ जूनपूर्वी जाहीर व्हावं, असा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या प्रतिनिधींनी आपापल्या शर्यतींच्या नियोजित तारखा आज रात्रीपर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्याव्यात, म्हणजे ठरावासोबत पहिलं कच्चं वेळापत्रकही उद्याच सभेपुढे ठेवता येईल.