सक्ती, स्वेच्छा आणि सैनिक

(उलवे येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’चे ते चार दिवस आपण सर्वांनी दूरचित्रवाणीसमोर काढले. त्या दिवसांपासून मध्यमवर्गीय बैठकांतून एक मागणी पुनःपुन्हा कानावर येते. प्रत्येक तरुणाला दोन वर्षे लष्करी सेवा सक्तीची करा, अशी ती मागणी आहे. त्यामागील तळमळीविषयी मला शंका नाही. परंतु युद्धकाळी भरतीचा प्रश्न निघाला की सारा समाज आपोआप एका बाजूला उभा राहतो, हा समज मात्र इतिहासाला धरून नाही. समाज दुभंगतो आणि दोन्ही बाजूंना निष्ठावंत माणसे असतात.

दूर कशाला, आपल्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याकडेच पाहा. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे त्यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नका, पैसाही देऊ नका, हा त्या सत्याग्रहाचा आशय होता. त्यासाठी ते कारावासात गेले. याच जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचा यशवंत घाडगे हा तरुण मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्याच्या तुकडीतील एकूण एक जवान ठार किंवा जखमी केला. उरला तो एकटा. त्याने त्या मशीनगनवर धाव घेतली, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. काडतुसे बदलायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय वर्षे २२. मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळालेल्या या वीराचा पुतळा माणगावला आहे. गोव्याच्या रस्त्याने जाताना आपल्यापैकी किती जण तेथे थांबले असतील?

गागोद्याचा सत्याग्रही आणि पळसगावचा नाईक, यांतला देशाचा कोण आणि परक्यांचा कोण, हे ज्याला चटकन सांगता येते त्याने त्या काळाचा विचारच केलेला नाही, असे मी म्हणेन.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी हिंदी प्रजेवर सैनिकी सेवेची सक्ती कधीच केली नाही. १९१७ साली त्यांनी सक्तीचा कायदा केला, तो येथे राहणाऱ्या युरोपीयांपुरता. १९४० मध्येही तेच. परक्या राजवटीला लोकांच्या हाती सक्तीने शस्त्र देण्याचे धैर्य झाले नाही, हे उघड आहे. १९३९ साली सुमारे २ लाखांचे असलेले सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेले, ते कागदोपत्री सर्वस्वी स्वेच्छेने. अर्थात कोरडवाहू शेती आणि घरातली खाणारी तोंडे यांना स्वेच्छेच्या खात्यात किती धरायचे, हा प्रश्न उरतोच. ज्या सातारा जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या पलटणींना माणसे पुरवली, त्याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले.

त्या वर्षांत स्वातंत्र्यवीर सावरकर सैनिकीकरणाचा मंत्र घेऊन गावोगाव हिंडत होते. इंग्रजाला आज माणसांची निकड आहे. तो आपण होऊन आधुनिक शस्त्रे आपल्या हाती देत आहे. ती आधी हाती घ्या, त्यांचे तोंड कुठे वळवायचे ते पुढे ठरवता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अंदमानात जन्मठेप भोगलेल्या या पुरुषाची त्याच्याच प्रांतात ‘रिक्रूटवीर’ म्हणून हेटाळणी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले होते. इंग्रजांनी बंद केलेले भरतीचे दार त्यांनी नेटाने उघडवले आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

फेब्रुवारी १९४६ मध्ये, येथून खाडीपलीकडे दिसणाऱ्या मुंबई बंदरात नौसैनिकांनी उठाव केला. इंग्रजांचा सैन्यावरचा भरवसा संपला, तेव्हा सावरकरांचा होरा खरा ठरला, असे त्यांचे अनुयायी म्हणाले. त्यात तथ्य आहे. पण आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्याने आणि त्याआधीच्या १९४२ च्या चळवळीने पेटलेले लोकमत वगळून त्या उठावाचा अर्थ लागत नाही, हेही मान्य केले पाहिजे. इतिहासाचे श्रेय एकाच खुंटीला टांगता येत नाही.

या साऱ्या वादाचा गाभा लोकमान्यांनी २० वर्षांहून अधिक काळ आधी नेमका पकडला होता. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैनिक मिळवीत फिरत होते. (हो, गांधीजी! आणि लोक त्यांना दाद देत नव्हते.) टिळकांनी त्यांच्याकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी तरुणांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मग महाराष्ट्रातून ५ हजार तरुण देतो. न दिल्यास ही रक्कम दंड समजा, अशी ती पैज होती. गांधीजींनी धनादेश परत केला. त्याच वर्षी जून महिन्यात मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना बोलू दिले नाही, तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले. मरायला माणसे हवीत, हुकूम मात्र आम्ही देणार, ही विषमता त्यांना सलत होती.

स्वतंत्र भारतात सक्तीला घटनेची आडकाठी नाही. कलम २३ सार्वजनिक कार्यासाठी सक्तीच्या सेवेची मुभा देते. अट इतकीच की धर्म, वंश, जात वा वर्ग एवढ्याच कारणावरून भेद करता येणार नाही. चीनच्या आक्रमणानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली. पाच वर्षांत, १९६८ साली, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली.

आपल्याकडे इस्रायलचा दाखला फार दिला जातो. तो देताना हे आठवावे की अलिबाग परिसरातून तेथे गेलेली बेने इस्रायल कुटुंबे डिमोना, अश्दोद, लोद येथे राहतात, घरात मराठी बोलणारी वडीलधारी माणसे अजून त्यांच्यात आहेत आणि त्यांची मुलेमुली सक्तीची सेवा करतात. तेथील कट्टर धर्मनिष्ठ गटाच्या विद्यार्थ्यांना मात्र दशकानुदशके सूट मिळाली. गाझाचे युद्ध चालू असतानाच, जून २०२४ मध्ये, त्या सुटीला कायद्याचा आधार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. त्यावरून रस्त्यांवर निदर्शने झाली, सरकार डळमळले. ज्यांची मुले सीमेवर आहेत ते विचारत होते, यांची का नाहीत?

हाच प्रश्न येथे बसलेल्या आपणा सर्वांना लागू होतो. जवानांच्या भरतीला आपल्या गावांत हजारोंची रांग लागते. तेथे सक्तीची गरजच नाही. उणीव आहे ती अधिकाऱ्यांची. लोकमान्यांनी ज्या अधिकारपदासाठी धनादेश पुढे केला, त्याचे प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी आपल्याच पुण्याजवळ, खडकवासल्याला आहे आणि तेथे सुशिक्षित महाराष्ट्रीय घरांतली मुले संख्येने थोडी दिसतात. दोन वर्षांची सक्ती मागणारा गृहस्थ स्वतःच्या मुलाने ‘एन.डी.ए.चा अर्ज भरतो’ म्हटले की त्याला आधी अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा द्यायला सांगतो. इतरांच्या मुलांसाठी मागितलेल्या सक्तीला मी राष्ट्रभक्ती म्हणायला तयार नाही.

ज्यांच्या घरी यंदा दहावीची परीक्षा आहे, त्यांच्यासाठी एक माहिती देऊन थांबतो. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था काढली. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली आहे. प्रवेश दहावीनंतर, परीक्षा आणि मुलाखत घेऊन मिळतो. खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. प्रवेशाची जाहिरात वर्तमानपत्रांत येते. ती पाहून पालकांनी मुलांशी एकदा बोलावे.