पगारातला एक दिवस

अर्जुनी मोरगावची तहसील कचेरी असो,
पंचायत समिती असो, की झेडपीची शाळा –
दर महिन्याला पगारपत्रक तयार होतं.

त्यात भविष्य निर्वाह निधी कापला जातो.
व्यवसाय कर कापला जातो.
आणि एखाद्या महिन्यात आणखी एक कपात असते.
मुख्यमंत्री सहाय्यता निधी.
एक दिवसाचा पगार.

ऑगस्ट 2019.
सांगली-कोल्हापूरला महापुरानं वेढलं.
राज्यातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा पगार दिला.
2020 मध्ये कोरोना आला.
तेव्हाही पगारातून मदत गेली.
आपल्या धानपट्ट्यातला गुरुजी
कृष्णाकाठच्या पूरग्रस्ताला कधी भेटणारही नाही.
तरी त्याच्या उपयोगी पडतो.
मला याचं फार मोल वाटतं.

याच निधीतून गरीब रुग्णांच्या
मोठ्या उपचारांनाही मदत मिळते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा.
ही कपात ऐच्छिक आहे.
पुन्हा सांगतो – ऐच्छिक आहे.
कुणाच्या घरी आजारपण असतं,
कुणाचा कर्जाचा हप्ता असतो.
द्यायचं नसेल, तर कार्यालयाला वेळेत लेखी कळवा.
आणि सहकाऱ्यांनो,
नाही म्हणणाऱ्याला टोचून बोलू नका.

दिलं असेल, तर पगाराची स्लिप जपून ठेवा.
जुन्या करप्रणालीत या देणगीवर
पूर्ण वजावट मिळते.
फॉर्म 16 मध्ये तिची नोंद आली का,
तेवढं नक्की पाहा.