भीती मनातली, भोग शरीराचे



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी विषय घेतला आहे तो स्वमग्न मुलामाणसांच्या भीतीचा, आणि त्या भीतीपायी त्यांच्या शरीराला जे सोसावे लागते त्याचा.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकात स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. अनेक पाहण्या एकत्र करून २०११ साली जो निष्कर्ष निघाला, त्याप्रमाणे स्वमग्न मुलांपैकी शंभरात सुमारे चाळीस जणांना चिंतेचा विकार असतो.

भीती वाटली की शरीर काय करते? वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात हे उलगडून दाखविले. अ‍ॅड्रेनलीन रक्तात उतरते, हृदय धडधडू लागते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. श्वास फार जलद झाला म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांना व बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, क्वचित हाताची बोटे पेटका आल्यासारखी वळतात. हे सोंग नव्हे. ही शरीराचीच क्रिया आहे. आणि भीती रोजचीच झाली, तर झोप उडते, पोट बिघडते, डोके दुखते.

आपल्याला छाती धडधडली तर ‘मी घाबरलो’ असे कळते. पुष्कळ स्वमग्न माणसांना आतल्या खुणांचा असा उलगडा होत नाही, आणि झाला तरी शब्द सापडत नाहीत. मग मूल कान झाकते, पळत सुटते, हात चावते, डोके भिंतीवर आपटते. त्यात खरीखुरी इजा होते.

अशा वेळी आपल्या हातून दोन प्रकारचे अन्याय होतात. पहिला, ‘नाटके करतो’ म्हणून दटावणे. दुसरा त्याहून घातक. तो म्हणजे ‘त्याचे असेच असते’ म्हणून सोडून देणे. स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांहून अधिक असते, आणि बद्धकोष्ठही पुष्कळ आढळते. म्हणून वागणे एकाएकी बदलले, तर आधी दात, कान व पोट तपासून घ्यावे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, ओठ निळे पडणे किंवा पाच मिनिटांहून अधिक टिकणारी आकडी, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे.

साधा भीतीचा झटका असेल, तर गर्दी हटवावी, आवाज व दिवे कमी करावेत. घट्ट धरू नये, प्रश्नांचा भडिमार करू नये. जवळ बसून आपणच सावकाश श्वास सोडावा. डोके आपटत असेल तर मध्ये उशी धरावी. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये. मूळ दुखणे दम्याचे वा हृदयाचे असल्यास तो धोक्याचा ठरतो. झटके वारंवार येत असतील तर त्यावर उपचार आहेत. संकोच न करता डॉक्टरांकडे जावे.

आता संस्थेकडे एक मागणे. आपल्या कार्यालयात गणेशोत्सव होतो, लग्ने लागतात, ढोलताशे वाजतात, ते वाजोतच. पण त्याच गजरामुळे काही आईबाप मुलासह घरीच बसतात, आणि आपण म्हणतो, ‘अलीकडे ते कुणात मिसळत नाहीत.’ मागच्या बाजूची एक खोली अशा प्रसंगी मोकळी ठेवा. मंद दिवा, सतरंजी, पिण्याचे पाणी, आणि दाराशी एक समजूतदार कार्यकर्ता, एवढे पुरे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहेच. परंतु कायद्याने सांगण्याची वाट आपण का पाहावी? पंक्तीत प्रत्येकाला पान मांडणे ही आपली रीतच आहे.