लघुउद्योगांचा निधी : जोखीम कोणाची, नफा कोणाचा?



लघुउद्योगांसाठी सरकारने गुंतवणूक-निधी उभारावा आणि त्यात खाजगी भांडवल ओढून आणावे, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेने १९५८ साली कायदा करून लघुउद्योग गुंतवणूक कंपन्यांना परवाने देण्यास प्रारंभ केला. कंपनी खाजगी, कारभार खाजगी; पाठबळ मात्र सरकारी हमीवर उभारलेल्या कर्जाचे. या कर्जाचे व्याज दर सहा महिन्यांनी भरावे लागे. नवजात कारखाना पहिली काही वर्षे व्याजापुरतेही कमवीत नाही. साहजिकच या कंपन्या बस्तान बसलेल्या उद्योगांकडे वळल्या. ज्याला भांडवलाची खरी निकड, तो दाराबाहेरच राहिला.

यावर उपाय म्हणून १९९२ च्या कायद्याने सरकारला नफ्यातील भागीदार केले. नफा होईपर्यंत व्याजाचा भार सरकारने वाहावयाचा. गुंतवणूकदार धावत आले. का येणार नाहीत? भांडवलाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग सरकारी पाठबळाचा, नफ्यातील सरकारचा वाटा मात्र साधारण एक-दशांश! २००० नंतर शेअरबाजार कोसळला, सरकारी तोट्याचा अंदाज दोन अब्ज डॉलरांपलीकडे गेला आणि २००४ साली नव्या मंजुऱ्या थांबवाव्या लागल्या.

इस्रायलचा अनुभव अधिक बोलका आहे. १९९२ मध्ये त्या देशाने निधींना तोट्याविरुद्ध सत्तर टक्क्यांची हमी देऊन पाहिली. 'इनबाल' नावाची ही योजना फसली. बुडण्याचे भय काढून घेतले की उद्योग पारखून घेण्याची गरजही उरत नाही. पुढल्याच वर्षी दहा कोटी डॉलरांचा 'योझ्मा' निधी निघाला. त्यातून उभ्या राहिलेल्या दहा निधींत सरकारचा वाटा सुमारे चाळीस टक्के. तोट्याची हमी नाही. आमिष ठेवले ते यशाचे : पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घ्यावा. बहुतेक निधींनी तो घेतला. येथे जोखमीस तयार असलेलेच भांडवल आले, हे मान्य केले पाहिजे. पण वाढलेल्या किमतीचा लाभ जनतेच्या तिजोरीत न येता खाजगी मालकांकडे गेला, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे २०२० साली केंद्राने पन्नास हजार कोटींचा आत्मनिर्भर भारत निधी जाहीर केला. त्यातले दहा हजार कोटी सरकारचे, उरलेले खाजगी. कार्यकर्त्यांनी या निधीचा केवळ आकडा पाहू नये. तोटा प्रथम कोणी सोसावयाचा, सरकारचा हिस्सा कोणत्या भावाने सोडावयाचा, हे विचारावे. आणि पैसा कोणापर्यंत पोचणार, हेही. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाजवळ विकावयास शेअर नसतात. त्याचा व्यवसाय बहुधा स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावावर चालतो. कोल्हापूरच्या लहान फौंड्रीवाल्याचे पैसे मोठ्या कारखान्याकडे महिनोन्‌महिने अडकून पडतात. अशी देणी पंचेचाळीस दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यातच आहे. ते अमलात आणण्यासाठी कोणाही गुंतवणूकदाराची मनधरणी करावी लागत नाही.