सदुसष्टाव्या घाताचे कोडे

सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. उरते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या. ती विषम आहे, हे शेवटचा सात पाहून शाळकरी मूलही सांगेल. परंतु ती मूळ की संयुक्त?

१६४४ साली मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने तिला मूळ संख्यांच्या यादीत बसविले. १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले. नवल असे की, त्याच्या रीतीने एकही अवयव हाती लागला नाही. घरात चोर आहे एवढे ठरले. चोर मात्र दिसेना!

तो १९०३ साली सापडला. न्यूयॉर्कच्या गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल यांनी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्यांचा गुणाकार मांडून दाखविला. हे दोन्ही अवयव स्वतः मूळ आहेत. या शोधापायी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, अशी आख्यायिका आहे.

हा गुणाकार कागद-पेन्सिलीने घटकाभरात पडताळता येतो. पण गुणाकारावरून अवयव हुडकणे महाकठीण. आज संगणक हे अवयव क्षणात काढतो. तथापि शेकडो अंकी संख्यांपुढे तोही हतबल होतो. दूरस्थ व्यवहारांतील गुप्ततेची एक प्रसिद्ध पद्धत याच अडचणीवर उभी आहे. गणितात अडचणही अशी उपयोगी पडते.