एका पायावरचा तोल : सादाहारू ओह यांची फलंदाजी कशी पाहावी

बेसबॉलमधल्या होमरनचं नाव निघालं, की चेंडू थेट प्रेक्षकांत धाडणारे पीळदार दंडच आपल्या डोळ्यांपुढे येतात. जपानच्या सादाहारू ओह यांनी १९५९ ते १९८० या काळात टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघाकडून ८६८ होमरन मारले. अमेरिकेच्या हँक ॲरन यांचा ७५५ चा आकडा त्यांनी १९७७ मध्येच मागे टाकला होता. एवढी मोठी संख्या ऐकल्यावर ती निव्वळ ताकदीची कमाई वाटते. मला मात्र वाटतं, की ओह यांची खरी कला थांबण्यात आहे. ते थांबणं डोळ्यांना दिसू लागलं, की त्यांची फलंदाजी उमगू लागते.

पिचर साधारण साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो आणि वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो. एवढ्या अवधीत चेंडू ओळखायचा, सोडायचा की मारायचा हे ठरवायचं आणि बॅट फिरवायची. उतावळा फलंदाज इथेच फसतो, कारण चेंडू यायच्या आधीच त्याचं शरीर पुढे झुकलेलं असतं. ओह यांची पहिली तीन वर्षं अशीच बेताची गेली. १९६१ च्या हंगामात त्यांचे होमरन होते अवघे १३. मग प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांनी डावखुऱ्या ओह यांना पुढचा, म्हणजे उजवा, पाय गुडघ्यात उचलून मागच्या पायावर उभं राहायला शिकवलं. त्यासाठी ओह यांनी आयकिडो या जपानी युद्धकलेतला तोल अभ्यासला आणि छताला टांगलेल्या कागदावर तलवार चालवण्याचा सराव केला. एका पायावर उभ्या माणसाला घाई परवडत नाही. वजन पुढे टाकण्याचा नेमका क्षण येईपर्यंत त्याला थांबावंच लागतं. १९६२ मध्ये होमरन झाले ३८, आणि तिथून सलग १३ हंगाम त्यांच्या लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्यांचेच होते.

आता आक्षेप पाहू. जपानची मैदानं लहान होती आणि तिथली गोलंदाजी अमेरिकेच्या तोडीची नव्हती, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे, त्यामुळे ८६८ आणि ७५५ हे आकडे एकाच तराजूत घालू नयेत. पण मैदानं लहान होती ती सगळ्यांसाठीच. जपानच्या यादीत ओह यांच्यानंतर येणारे कात्सुया नोमुरा ६५७ वर थांबले. शिवाय मैदान लहान असल्यामुळे न मारण्याचा संयम येत नाही. फलंदाजाने बॅट न फिरवता मारण्यायोग्य टप्प्याबाहेरचे चार चेंडू सोडले, की त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. ओह यांना असा बेस २,३९० वेळा मिळाला आणि ते स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाले १,३१९ वेळा. पिचर त्यांना घाबरून चेंडू बाहेर ठेवत, हे खरंच. तरी त्या मोहाच्या चेंडूंना हात न लावणं हे फलंदाजाचंच काम होतं.

दुसरा आक्षेप असा, की खेळ जिंकण्यासाठी असतो, त्याला कला का म्हणावं? जिंकण्याच्या कसोटीला तर ओह उतरलेच. १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं जपान सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकणाऱ्या संघाचे ते आधारस्तंभ होते. पण अपुऱ्या वेळेत शरीर आणि निर्णय यांचा मेळ घालण्यासाठी एखादी रीत घडवावी, ती रोज घासावी आणि पाहणाऱ्याला ती ओळखता यावी, एवढं जिथे आहे तिथे कला आहेच. म्हणून ओह यांचं चित्रीकरण पाहताना सुरुवातीला चेंडूमागे धावू नका. आधी उचललेला गुडघा पाहा, मग स्थिर डोकं, मग पाय जमिनीवर टेकतो तो क्षण. आणि त्यांनी सोडून दिलेला चेंडू आला, की तोही तितक्याच लक्षपूर्वक पाहा. होमरनची तयारी त्या सोडण्यातच झालेली असते.