पोळ्याचा मान, पोटहिस्सा आणि पणजीचं नाव



इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात मिडल नावाचं एक खेडं आहे. १७०१ च्या सुमारास तिथल्या रिचर्ड गॉफ नावाच्या उतारवयातल्या शेतकऱ्यानं आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतला. त्यानं राजांच्या कारकिर्दी लावल्या नाहीत, सनावळी धरली नाही. गावच्या चर्चमधली बाकं त्यानं एकेक करून घेतली. कोणत्या घराण्यानं कोणत्या बाकावर बसायचं हे तिथं जमीनजुमल्यावरून ठरलेलं असे. गॉफ एका बाकाशी थांबतो आणि त्या घराण्याची सगळी कथा सांगतो. जमीन कोणी मिळवली, दारूपायी कोणी घालवली, लग्न कोणाशी झालं, चोरीत कोण सापडला. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत मिडल आणि शेजारच्या दोन वस्त्यांतून वीस माणसं राजाच्या बाजूनं लढायला गेली आणि तेरा मेली, हेही त्याच्यामुळेच आपल्याला कळतं.

इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला. त्यामुळे तिथल्या साध्या मजुरालाही पुष्कळदा आपली दहा-बारा पिढ्यांची माणसं शोधता येतात. आपल्याकडे तशी वही नव्हती, म्हणून आपल्या खेड्यांना इतिहास नाही, असा निष्कर्ष पुष्कळ शिकलेली माणसं काढतात. मला तो मुळीच मान्य नाही. आपल्याकडची नोंद वेगळ्या ठिकाणी झाली आहे. ती भांडणांत झाली आहे.

पोळ्याला वेशीतून आधी कोणाचे बैल जायचे? होळीला पहिली पोळी कोणाची? टिळा आणि विडा आधी कोणाला? पाटीलकीच्या दोन तक्षिमदारांत, म्हणजे हिस्सेदारांत, या मानपानावरून वाद पेटे, गोतसभा बसे आणि महजर, म्हणजे निवाड्याचं पत्र, होई. वादी-प्रतिवादी आपापला करीना सांगत, म्हणजे मूळपुरुषापासूनची हकिकत. दुष्काळात कोण परागंदा झालं, कोणाचा वंश बुडाला, वतनाचा हिस्सा कोणी कोणाला विकून दिला, हे सगळं त्यात येई. खाली पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. शिवेचा तंटा असला तर महाराची साक्ष निर्णायक ठरे, कारण गावाची शीव त्याच्या पायाखालची. गॉफनं बाकांच्या रांगेवरून गाव उलगडलं. आपल्याला ते पोळ्याच्या रांगेवरून उलगडता येईल. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा महजरांवरून मराठ्यांची न्यायपद्धती मांडली. त्याच कागदांवरून एकेका गावाची आणि घरांची कथा लिहायचं काम अजून फारसं झालेलं नाही.

आपण त्याऐवजी कुलवृत्तांत लिहिले. या पुण्यात ते पुष्कळ निघाले आणि त्यामागची चिकाटी मोठी आहे. पण बहुतेक कुलवृत्तांत कुळाला गावापासून सोडवून घेतात. मूळ गाव पहिल्या पानावर येतं, मग पुढं शाखा, बिऱ्हाडं, नोकऱ्या. शेजारच्या घरात कोण राहत होतं, आपलं शेत कोण कसत होतं, हे त्यांत सापडत नाही. ज्यांच्याकडे पैसा आणि अक्षर होतं त्यांचेच वृत्तांत झाले, बलुतेदारांचे फारसे झाले नाहीत.

गाव आणि घर एकत्र कसं वाचायचं याचे दोन उत्तम नमुने पुण्याच्या अगदी कुशीत आहेत. नगर रस्त्यावरचं लोणीकंद तुम्हाला ठाऊक आहे. पेशवाई संपल्यावर लगेचच डॉ. टॉमस कोट्स यांनी त्या गावाची बारकाईनं पाहणी केली आणि १८२३ साली ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आली. पुढं गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासलं. त्यांचं पुस्तक १९६० चं. एकाच गावाची सव्वाशे वर्षांच्या अंतरानं अशी दोनदा पाहणी व्हावी, हे भाग्य फार थोड्या खेड्यांना लाभलं.

दुसरं गाव पिंपळे सौदागर. आज तिथं उंच इमारती आहेत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाचा अभ्यास केला, तेव्हा ते पवनेकाठचं एक खेडं होतं. १९१७ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातला एक हिशेब मला फार बोलका वाटतो. १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराच्याही आतले होते. अर्थशास्त्रज्ञांना यात जमिनीच्या तुकडीकरणाचा प्रश्न दिसला आणि तो खराच आहे. मला त्यात वंशवृक्ष दिसतो. प्रत्येक पोटहिस्सा म्हणजे दोन भावांचं वेगळं होणं, एका चुलीच्या दोन चुली. मॅन यांनी तुकडे मोजले. त्या तुकड्यांमागची घरं शोधणं आपलं काम आहे, आणि त्यासाठी फेरफाराच्या नोंदी आहेतच. वारसानं जमीन आली, खरेदीनं गेली, सावकाराकडे गहाण पडली, कुळाच्या नावावर झाली, हे सगळं त्या रुक्ष ओळींत आहे.

फेरफाराखेरीज कोतवाल बुक आहे, म्हणजे जुना गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. शाळेचं जनरल रजिस्टर आहे. पेशवे दफ्तरात तर रुमालांच्या रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी १९३० पासून त्यातून ४५ खंड काढले, पण निवड मुख्यतः राजकारणाची. गावोगावचे हिशेब मोडीतच राहिले. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं आणि अशीच जुनी दप्तरं जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. ज्याला कुणबी दाखला हवा त्याला तो मिळावा, त्याबद्दल वाद नाही. मात्र एका रकान्यासाठी उघडलेलं पान तेवढाच रकाना पाहून मिटलं जातं याचं मला वाईट वाटतं. त्याच पानावर पणजोबा कशानं गेले ते असतं, त्या वर्षी पटकीनं गावात किती माणसं गेली ते असतं.

आता सगळ्यात मोठ्या उणिवेबद्दल. आपल्या वंशावळींत बायका नाहीत. मुलगी सासरी गेली की तिची रेघ संपली आणि सून आली ती अमक्याची बायको म्हणून. आपल्यापैकी कितीजणांना पणजीचं माहेरचं नाव सांगता येईल? कायद्यानं थोडं दार उघडलं. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला आणि २००५ मध्ये केंद्रानं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्याआधीच लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून घरधनिणीचं नाव सातबाऱ्यावर लावायला लावलं होतं. वारसनोंदीत आता बहिणींची नावं येतात, पण बऱ्याचदा थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र होऊन ती निघतात. लिहिणाऱ्यानं या दोन्ही नोंदी पाहाव्यात: नाव लागल्याची आणि नाव निघाल्याची. त्या दोन तारखांमध्ये घरात काय बोलणं झालं, हे त्या बहिणी हयात आहेत तोवर त्यांना विचारता येईल.

बायकांनी स्वतः ठेवलेली नोंद मात्र अफाट आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या पुढं गेला आहे. गाणारीचं नाव आणि गाव त्यासोबत जपलेलं आहे. भाऊ, माहेरची वाट, सासूचा जाच, शेताची वाटणी, सगळं त्यात येतं. महजरात जे कधी आलं नाही ते.

पण हे सगळं गोळा करायला वेळ थोडा आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायतीची दप्तरं हलली, शेतांचे प्लॉट पडले. सातबाऱ्यावर गट नंबर राहतो, पण वावराचं घरगुती नाव फक्त कसणाऱ्यांच्या तोंडी असतं आणि कसणंच थांबलं की पंधरा-वीस वर्षांत ते जातं. म्हणून या ३४ गावांतल्या शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलांना माझी विनंती आहे. आधी जुना गावनकाशा मिळवा. तो घेऊन गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांकडे जा आणि प्रत्येक गटावर वावराचं नाव लिहून घ्या. मग त्या माणसांच्या घरांतून लग्न होऊन गेलेल्या बहिणींची गावं शोधा आणि तोच नकाशा त्यांच्यापुढं ठेवा. भावांनी सांगितलेली नावं आणि बहिणींनी सांगितलेली नावं जिथं जुळणार नाहीत, तिथली दोन्ही लिहा.